उपटलेल्या ओळीसाठी शब्द

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मॅडमना पीएच.डी. मिळाली, तेव्हा त्यांनी वाटलेला पेढा मी तोंडभर हसत खाल्ला आणि तो मला दिवसभर पचला नाही. मी जळकुकडी आहे. हे मी लपवत नाही, कारण लपवून लपत नाही. कुणाच्या घरी नवा कूलर आला, कुणाच्या मुलीला नागपुरात नोकरी लागली, नुसत्या कुणाच्या पोळ्या टम्म फुगल्या, तरी मला ते सोसत नाही. साकोलीच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. हेवा, मत्सर, स्पर्धा हा भाग मी फार छान शिकवते असं मुलं म्हणतात. घरचाच विषय आहे.

पण ही सगळी किरकोळ जळजळ. खरं जळणं एकच, आणि ते वहिनीवरचं. वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. करडीला आमची धानाची शेती आहे. तिथे दादा, वहिनी आणि आई राहतात. लग्न होऊन वहिनी आली तेव्हा मी कॉलेजात शिकत होते, आणि तेव्हापासून आईच्या तोंडी एकच पालुपद. सुनबाईनं असं केलं, सुनबाई तसं म्हणते, सुनबाईले विचार. दिवाळीला मी चांगल्यातली साडी घेऊन जायची, तर आई ती घडीही न मोडता वहिनीच्या हातात द्यायची, "ठेव वं पेटीत." आणि वहिनीनं आठवडी बाजारातून आणलेली, पहिल्या धुण्यात रंग सोडणारी साडी नेसून अख्ख्या गावात मिरवायची. मी हे बघायची, हसायची, आणि परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून मनातल्या मनात वहिनीशी भांडायची. साकोलीहून करडीला जायचं तर मध्ये गाडी बदलावी लागते, त्यामुळे भांडायला वेळ पुष्कळ मिळायचा.

माझ्या प्रबंधाचा विषय मी निवडला तो धान पिकवणाऱ्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांचा. लोकांना वाटलं, केवढी सामाजिक जाणीव! मला माझी आई हवी होती, आणि नोकरी-संसार सांभाळून तिच्याजवळ जायचा दुसरा रस्ता सापडत नव्हता, एवढंच.

गाईड म्हणाले, आधी पूर्वीच्या संशोधनाचा आढावा घ्या. त्यासाठी विद्यापीठानं एक खास डेटाबेस उघडून दिला होता. जगात म्हातारपणावर जे जे कुणी अभ्यास करून लिहिलंय, ते एका ठिकाणी. मला वाटलं, चला, विचारलं की सांगेल. कॉलेजच्या लायब्ररीतल्या कोपऱ्यातल्या कम्प्युटरवर बसून मी त्या लांबट रिकाम्या चौकटीत चांगलं व्याकरणशुद्ध इंग्रजी वाक्य टाकलं, की विदर्भातल्या धान पिकवणाऱ्या खेड्यांमध्ये म्हाताऱ्या स्त्रियांना कोणकोणत्या समस्यांना तोंड द्यावं लागतं. उत्तर आलं, शून्य. मी चिडले आणि नुसतं 'ओल्ड एज' टाकलं. तर इतके लेख धावून आले की ते वाचता वाचता मीच त्या विषयात जमा झाले असते.

आमचे ग्रंथपाल सर मागे उभे राहून बघत होते. त्यांना तोंडात सुपारी ठेवून व्याख्यान द्यायची सवय आहे.

"मॅडम, तुम्ही त्याले पत्र कायले लिहून राहिले?" ते म्हणाले. "त्याले तुमचा प्रश्न नाही समजत. तो फक्त शब्द जुळवून पाहते."

मग खुर्ची ओढून ते बसलेच. प्रश्नाचे तुकडे करायचे, म्हणाले. एका तुकड्यात एकच कल्पना. त्या कल्पनेला जगात कोण काय काय म्हणतं ते सगळं आठवायचं. तुम्ही म्हातारी म्हणाल, कुणी 'एल्डरली' म्हणेल, कुणी 'एजेड', कुणी 'ओल्डर विमेन'. 'सीनियर सिटिझन' म्हणाल तर ते एसटीच्या तिकिटात चालतं, इथं फारसं नाही. एकाच कल्पनेचे शब्द 'ऑर'नं जोडायचे, म्हणजे जाळं रुंद होतं. वेगवेगळ्या कल्पना 'अँड'नं जोडायच्या, म्हणजे ते आवळतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, या डेटाबेसची स्वतःची एक शब्दसूची असते. प्रत्येक लेखाला त्या सूचीतलंच लेबल लावलेलं असतं. लेखकानं काहीही शब्द वापरो, लेबल ठरलेलं.

"म्हणून तुमच्या शब्दानं नाही, त्याच्या शब्दानं विचारा," ते म्हणाले आणि बोटं चालवली. पडद्यावर मोजकेच लेख आले, वाचावेसे, विषयाला धरून. मला त्यांचाही हेवा वाटला. मी दुपारभर विनवण्या केल्या तर यंत्र गप्प, आणि यांनी सुपारी चघळत चार शब्द टाकले तर ते शेपूट हलवत आलं.

ही उन्हाळ्यातली गोष्ट. जुलैत रोवणी सुरू झाली, आणि दादाचा फोन आला.

आमच्या घरची एक रीत आहे. वाफ्यात वाढवलेल्या धानाच्या रोपांना आमच्याकडे पऱ्हे म्हणतात. ते उपटून, पेंढ्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, एकेक रोवायचे, म्हणजे रोवणी. पहिल्या दिवशी पहिल्या बांधीत घरातली वडील बाई एकटी उतरते. पेंढीला हळदकुंकू लावते आणि या धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत एक ओळ एकटीनं रोवते. बाकी बाया काठावर उभ्या राहून बघतात, मस्करी करतात, आणि ओळ पुरी झाली की मग सगळ्या उतरतात. मला आठवतं तेव्हापासून ही ओळ आईची होती. तिचं कंबरेत वाकणं आणि उलट्या पावलांनी मागे सरकत जाणं मी शाळेच्या गणवेशात, पाठीवर दप्तर घेऊन, धुऱ्यावरून कितीदा पाहिलंय.

गेल्या वर्षी आईचे गुडघे सुजले. यंदा दादा म्हणाला, माय, तू घरीच राय. ओळ वहिनीनं रोवली. बाया खाली उतरल्या आणि सगळ्या जणी ओणव्या होऊन कामाला लागल्या. तेवढ्यात आई काठी टेकत आली. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ती बांधीच्या काठावर बसली, बसल्या बसल्या चिखलात सरकली आणि वहिनीनं रोवलेलं एकेक रोप उपटून धुऱ्यावर फेकत सुटली. बायांनी वर पाहिलं तोवर निम्मी ओळ गेली होती. तिला आवरायला वहिनी धावली, तर आईनं तिच्या अंगावर चिखल मारला. उरलेली ओळही उपटली, आणि मग तिथंच बसून राहिली.

"माय सटकली वं," दादा फोनवर म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "बायाइसमोर असं केलं. आता काय करू मी?"

आम्ही आईला भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला वार विचारला, नातवंडांची नावं विचारली, उलटे आकडे मोजायला लावले. आईनं सगळं नीट सांगितलं आणि वर डॉक्टरांनाच विचारलं, तुमच्या गावाले पाणी किती झालं? डॉक्टर म्हणाले, आज तरी तसं काही दिसत नाही, पण वय आहे, लक्ष ठेवा. दवाखान्याच्या बाहेर दादानं मला बाजूला घेतलं.

"तू शिकली हायस. म्हाताऱ्याइचंच शिकून राहिली ना तू? तुह्या त्या कम्प्युटरात पाह्य. बिमारी असन त मायले तुह्याकडंच राहू दे. आमी दिवसभर बांधीत राह्यतो, तिच्यामागं कोण फिरीन? नसन त आणून दे."

म्हणजे आई कुठे राहणार, हे मी ठरवायचं होतं. आणि ते मी ज्या शब्दांनी शोधणार होते त्यांवर अवलंबून होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं, नंतर नाही.

आईला घेऊन मी साकोलीला आले. खिडकीजवळची खाट तिला दिली, न्हाणीत तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली, मऊ खिचडी केली. नवरा म्हणाला, किती दिवसांसाठी? मी म्हणाले, बघू. मनात मात्र मी तिच्या साड्यांसाठी कपाटाचा एक कप्पा आधीच रिकामा केला होता.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन मी सरांनी शिकवल्याप्रमाणे तुकडे केले. पहिल्या तुकड्यात 'डिमेन्शिया ऑर अल्झायमर्स'. दुसऱ्यात 'बिहेवियर ऑर ॲजिटेशन ऑर ॲग्रेशन'. तिसऱ्यात 'ओल्डर विमेन'. तिन्ही 'अँड'नं बांधले. काय सुंदर जाळं पडलं! एकेक शीर्षक वाचत गेले आणि एकेक आईला चपखल बसत गेलं. विनाकारण चिडणं. घरच्या माणसांवर हात उगारणं. सांगितल्याशिवाय घराबाहेर निघून जाणं. वस्तू मोडणं, फेकणं. प्रत्येक लेखात माझी आई होती. तुम्हाला वाटेल मला रडू आलं असेल. छे. मला फार बरं वाटलं. आजारी आई माझी होती, आणि धडधाकट आई वहिनीची. मी आजारी निवडली.

घरी आल्यावर मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. वरणात तिनं मीठ दुसऱ्यांदा घातलं, म्हटलं, हे बघा. टीव्हीच्या रिमोटला ती 'तो डब्बा' म्हणाली, म्हटलं, शब्द जायला लागले. दुपारी दारात उभी राहून ती रस्त्याकडे बघत राहिली आणि मी दोनदा हाक मारली तरी वळली नाही. तेही मी धरलं.

अडचण एकच होती. संध्याकाळी वहिनीचा फोन यायचा. फोन वाजला की आई खाटेवरून पाय खाली सोडायची आणि तिचा आवाज बदलायचा.

"कोणती झाली आज? बोडीखालची ठेवली ना? पऱ्हे पुरून राहिले का? त्या वरच्या बांधीत पाणी फुटते वं, तिथं उंदराचं बीळ हाय, गेल्या सालीबी होतं. त्याले सांग बुजवाले."

बोडी म्हणजे शेताजवळचं लहानसं तळं. त्याच्या खाली कोणती बांधी, तिच्या शेजारी कोणती, कोणत्या धुऱ्याला कुठे उंदराचं बीळ, हे सगळं तिला पाठ होतं. डिमेन्शियाच्या बाईला इतकं पाठ असतं का? मी स्वतःला म्हणाले, असतं. जुन्या आठवणी या आजारात शेवटपर्यंत टिकतात, मी वाचलंय. काहीही पुढे आलं तरी माझ्याजवळ एक लेख तयार होता. आणि मला जास्त खुपत होतं ते वेगळंच. दिवसभर माझ्याशी 'हो', 'नाही', 'ठेव तिथं' एवढंच बोलणारी ही बाई वहिनीशी तासभर बोलत होती. जिच्या अंगावर चिखल मारला, तिच्याशी! भांडणसुद्धा करत होती. "तुले नाई समजत," असं फोनवर वहिनीला म्हणताना आईच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं, ते माझी मऊ खिचडी खाताना कधी आलं नाही.

लेखांच्या प्रती काढायला मी ग्रंथपाल सरांकडे गेले. त्यांनी शीर्षकं चाळली, माझ्या शोधाचे शब्द बघितले आणि सुपारी गालात सरकवली.

"मॅडम, हे तुम्ही शोधलं नाही. हे तुम्ही मागवलं. हॉटेलात मागवते तसं."

"म्हणजे?"

"तुमचा प्रश्न काय होता?"

"की ती अशी का वागली."

"मग पहिल्याच तुकड्यात बिमारी कायले टाकली? ते तर उत्तर झालं. उत्तर टाकलं की तो उत्तरच आणून देते. तुम्ही काय झालं ते टाका. काहून झालं ते त्याले सांगू द्या."

मला त्यांचा संताप आला. यांचं काय जातंय, म्हटलं. यांची आई यांच्याच घरी आहे, रोज यांना डबा देते. प्रती न घेताच मी निघाले आणि दिवसभर वर्गात मुलांवर ओरडत होते. पण एकदा कानात पडलेलं वाक्य काढता येत नाही. पुढच्या दिवशी तास संपल्यावर मी पुन्हा त्या कोपऱ्यात जाऊन बसले. खोडी काढल्यासारखं, बघू तर खरं, म्हणून.

काय झालं? एक बाई होती. म्हातारी. शेतात काम करायची. काम सुटलं. दुसरी तिच्या जागी आली.

पहिला तुकडा सोपा, 'ओल्डर विमेन' आणि तिच्या बहिणी. दुसरा 'ॲग्रिकल्चर ऑर फार्मिंग ऑर राइस'. तिसऱ्यावर मी अडले. काम सुटलं, याला काय म्हणायचं? आमच्या गावात एखाद्या बाईविषयी म्हणतात, तिची रोवणी सुटली. केस पिकले म्हणावं तितक्या सहज म्हणतात. त्यानंतर ती बाई घराची राखण करते, लेकरं सांभाळते, आणि तिला विचारल्याशिवाय निर्णय व्हायला लागतात. एवढं सगळं त्या दोन शब्दांत येतं. पण माझ्या गावचा शब्द या डेटाबेसच्या सूचीत कुठून असणार? मी ती शब्दसूची उघडली आणि 'वर्क'पाशी जाऊन खाली सरकत गेले. सूचीनं मला बोट धरून नेलं ते 'रिटायरमेंट'कडे.

मला हसू आलं. माझ्या आईची रिटायरमेंट! आमच्या कॉलेजातले जुने हेडक्लार्क रिटायर झाले तेव्हा त्यांना शाल, नारळ, भाषणं, फोटो सगळं मिळालं. तरीसुद्धा ते पुढे कितीतरी महिने काही ना काही निमित्तानं ऑफिसात यायचे, नव्या क्लार्कनं लावलेल्या फायली कपाटातून काढायचे आणि आपल्या पद्धतीनं पुन्हा लावायचे. आम्ही त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही. म्हणायचो, सवय आहे हो, सुटत नाही. आणि आईला? नारळ नाही, शाल नाही. तू घरीच राय, एवढंच. तेही सकाळी, बैल जुंपता जुंपता.

मी हसायची थांबले. सूचीत रिटायरमेंटच्या बाजूला संबंधित शब्द होते. भूमिका, प्रतिष्ठा, भावना. भावनांवर बोट ठेवलं तर खाली अख्खी उतरंड उघडली. राग, शोक, एकटेपण, आणि त्यांच्याच रांगेत 'जेलसी'.

हा शब्द मला शिकवायला कुणी नको होतं. मी तो पेढ्यात ओळखते, कूलरमध्ये ओळखते, दुसऱ्याच्या पोळीत ओळखते. फक्त आईच्या हातातल्या उपटलेल्या रोपात मला तो दिसला नाही. तिला आजार देऊन झाला, तिच्यासाठी खुर्ची आणून झाली, कप्पा रिकामा करून झाला, पण ती माझ्यासारखी असेल हे सुचलं नाही. मी कुणावर गेले, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

तो शब्द मी तिसऱ्या तुकड्यात टाकला. हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच लेख आले, आणि तेही दूरदूरच्या माणसांवरचे. रोवणीचं, ओळीचं, चिखलाचं त्यांत काही नव्हतं. प्रबंधाच्या दृष्टीनं तो शोध जवळजवळ फुकट गेला. मी कम्प्युटर बंद केला आणि घरी आले.

आई ओसरीत सूप घेऊन तांदूळ निवडत होती. खडा एकही नव्हता, पाकिटातला तांदूळ तो, तरी निवडत होती. मी तिच्यासमोर खाली बसले.

"माय, ती ओळ तू काहून उपटली?"

तिनं सूप हलवलं.

"वाकडी होती का?"

"वाकडी कायले राहीन?" आई म्हणाली. "सरळ होती." मग तिनं तांदळात बोटं फिरवली. "माह्याहून सरळ होती. म्हणूनच त उपटली."

मी आणखी जवळ सरकले.

"जळली मी, बाई. मले वाटे, मी नसली त एखादं रोप तरी तिरपं जाईन. एखादं. नाई गेलं." तिनं माझ्याकडे बघितलं. "सांगू नको तिले. बाया हासतीन."

मला आईला एकदम कवेत घ्यावंसं वाटलं. पण आमच्याकडे तशी पद्धत नाही. मी तिच्या सुपातले तांदूळ निवडायला लागले. मग म्हणाले, कारण ते म्हटल्याशिवाय मला राहवलं नाही, "तू इथंच राहा ना. इथं ना रोवणी, ना ओळ, ना कुणाशी भांडण. आराम कर."

"इथं राहून काय करू? इथं मले कोणाचा हेवा वाटीन?"

"माझा?" मी म्हणाले. "माझा नाही वाटला कधी?"

आईला हा प्रश्न गमतीचा वाटला. ती तोंडाला पदर लावून हसली.

"तुहा कायले? तू त चिखलाबाहेरची. तुले मीच नाई उतरू देल्लं. बाकीच्याइच्या पोरी पेंढ्या फेके, तुले मी म्हणो, वरतंच उभी राय, शाळेचे कपडे भरतीन. त म्हणून त तू मॅडम झाली."

ती हे अभिमानानं सांगत होती. जन्मभर माझ्यासाठी काय केलं त्यातलं सगळ्यात मोठं ते ती सांगत होती, आणि मी ऐकत होते की वहिनी तिच्या शेजारी गुडघाभर चिखलात का आहे आणि मी का नाही. वहिनीनं माझ्याकडून काहीच घेतलं नव्हतं. ती जागा मला कधी मिळालीच नव्हती. हे कळल्यावर माझं जळणं कमी व्हायला हवं होतं. ते वाढलं.

संध्याकाळी दादाला फोन करायचा होता. बिमारी आहे, एवढंच म्हणायचं होतं मला. डॉक्टरांचं 'लक्ष ठेवा' होतं, माझे लेख होते, दोनदा पडलेलं मीठ होतं. दादा माझ्यावर विश्वास ठेवतो. आईसुद्धा ठेवते, मी म्हटलं असतं की माय, तुझं डोकं थकलंय, तर तिनं तेही मानलं असतं आणि खिडकीजवळच्या खाटेवर गुमान बसली असती. मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. आत आई वहिनीच्या फोनची वाट बघत खाटेवरून पाय सोडून बसली होती.

"बिमारी नाही," मी दादाला म्हणाले. "तिला हेवा वाटला. तिची ओळ होती ती."

दादाला काही सुधरेना. वहिनीनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"अवं बाई, मग तोंडानं सांगाले काय झालं होतं?" ती तडकलीच. "मी थांबली नसती का? अख्खी ओळ उपटली, पऱ्हे वाया गेले, मह्या डोक्यात चिखल! आणा त्याइले परत. बोडीखालची बांधी राहिली हाय अजून. आणि खिचड्या खाऊ घालू नका जास्त, त्याइले गॅस होते."

मी दात आवळून हो म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा बाया धुऱ्यावर उभ्या होत्या. बोडीखालची बांधी रिकामी, पाण्यानं चकाकत होती. वहिनीनं पेंढीला हळदकुंकू लावून ती आईच्या हातात दिली, स्वतः आधी चिखलात उतरली आणि आईला कमरेत धरून उतरवलं. आई वाकली. वहिनीनं मागून तिचं सगळं ओझं पेललं होतं. एक रोप, मग दुसरं, मग थांबून श्वास.

"तिरपं जाऊन राहिलं, आत्याबाई," वहिनी म्हणाली.

"तुह्या डोळ्यात तिरपं!"

"थोडं इकडं घ्या ना."

"तूच रोव मंग! रोव!"

दोघी चिखलात उभ्या राहून कचाकचा भांडायला लागल्या आणि धुऱ्यावरच्या बाया पोट धरून हसायला लागल्या. त्या भांडणाचा मला इतका हेवा वाटला की मी चपला काढल्या, साडी वर खोचली आणि एक पाय खाली टाकला.

"तू नको वं!" आई ओरडली. "भरशीन! तू वरतंच राय."

मी पाय वर घेतला. एवढी मोठी बाई मी, कॉलेजात शिकवणारी, हातात चपला घेऊन शाळकरी मुलीसारखी धुऱ्यावर उभी राहिले. कुणीतरी म्हणालं, मॅडमले खुर्ची आणा.

ओळ पुरती त्या धुऱ्यापर्यंत गेलीच नाही. अर्ध्यात आईचे गुडघे थकले. वहिनीच्या अंगावर रेलून ती कशीबशी ताठ झाली आणि तिनं वहिनीला नाही, बायांना नाही, मला विचारलं.

"तू पाह्य तिथून. तू शिकलेली हायस. सरळ हाय का?"

मी बघितलं. ओळ वाकडी होती. पहिली काही रोपं ठीक होती, पुढे ती कलत कलत पार बोडीच्या अंगाला गेली होती. वहिनी माझ्याकडे बघत होती.

"सरळ आहे, माय," मी म्हणाले. "वहिनीहून सरळ आहे."

आई हसली. माझ्याकडे बघून, दात नसलेलं सगळं तोंड उघडून. तिला धरून उभ्या असलेल्या वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला आणि तिथं मला ते दिसलं, जे मी कुठेही ओळखते.